अगत्ती समोर दिसत होतं, तरी उतरलो नाही

मी दादरच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. आतापर्यंत माझं काम बस, ट्रेन आणि विमानाचं, म्हणजे काश्मीर, केरळ, राजस्थान, चारधाम वगैरे. यंदा एप्रिलच्या शेवटी ऑफिसने पहिल्यांदाच जहाजाचा ग्रुप हातात दिला, मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, आणि क्रूझ कंपनीसुद्धा अगदी नवीन, आमच्या ऑफिसातल्या एकाही माणसाने तिच्या जहाजावर पाय ठेवलेला नव्हता. ग्रुप तीस-पस्तीस जणांचा, बहुतेक साठीच्या पुढचे. त्या ट्रिपमध्ये आम्ही लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर उतरलोच नाही, आणि त्यावरून जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

बॅलार्ड पिअरला आता नवीन क्रूझ टर्मिनल झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं त्याचं, चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर आहेत, त्यामुळे पूर्वी ऐकलं होतं तशी उन्हातली रांग वगैरे काही नव्हती. पण बाहेरच्याला माहीत नसतात अशा दोन गोष्टी सांगते. एक, टर्मिनलवर दिलेली बॅग केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या पर्समध्येच पाहिजेत. दुसरी, इलेक्ट्रिक किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड सिक्युरिटीत काढून घेतात, आगीच्या भीतीने, आणि ते बरोबरच आहे. मी ग्रुपवर चार वेळा टाकलं होतं तरी किटल्या आल्याच.

रूमिंग लिस्टवर, म्हणजे कुणाला कुठली केबिन याच्या यादीवर, मी खूप मेहनत घेतली होती आणि त्याचा मला अभिमान आहे. ज्यांना बोट लागते त्यांना जहाजाच्या मध्यावरच्या आणि खालच्या डेकवरच्या केबिन दिल्या, कारण तिथे हेलकावा सगळ्यात कमी. आमचे सेल्सवाले नेमकं उलटं विकतात, वरचा मजला, पुढची बाजू, बाल्कनी, जास्त पैसे. पुढे आणि वर जेवढं जाल तेवढं जहाज जास्त हलतं हे त्यांनी एकाही गिऱ्हाईकाला सांगितलेलं नव्हतं. मुलुंडच्या काकांची केबिन तशीच होती, त्यांनी बुकिंगच्या वेळीच पैसे भरून टाकलेले, त्यामुळे मला बदलता आली नाही.

सगळ्यात मोठी अडचण आली ती मोबाईलची. किनारा सुटला की काही वेळात नेटवर्क जातं, जहाजाचं वायफाय महाग, ते आमच्या लोकांनी कुणी घेतलं नाही. म्हणजे टूर मॅनेजरचा उजवा हात असलेला व्हॉट्सॲप ग्रुप बंद. बसमध्ये कसं, दारात उभं राहून डोकी मोजली की झालं. इथे दहा-अकरा मजले, चार जिने, हजारावर माणसं, आणि आपली माणसं त्यात कुठेही. मग मी ठरवून टाकलं, सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात, पाचव्या डेकच्या मधल्या जिन्यापाशी सगळ्यांनी यायचं, आणि काही निरोप असला तर मी प्रत्येकाच्या केबिनच्या दाराखालून चिठ्ठी सरकवणार. ही पद्धत चालली. गिरगावच्या आजी तर पाच मिनिटं आधी येऊन खुर्ची धरून बसायच्या.

निघायच्या आधी मस्टर ड्रिल झालं, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब, मग ज्याने त्याने आपापल्या ठरलेल्या स्टेशनवर जायचं. नवीन प्रवासी आले की जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या लगेच हे झालंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली त्यानंतर कडक केलेला. आजूबाजूला लोक सेल्फी काढत होते, एक जण तर क्रूला म्हणाला की लवकर आटपा, बुफे सुरू झालाय. मला राग आला. आपल्या मुंबईची ही गोष्ट आहे, १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, लाटेने कलली, घाबरून माणसं एका बाजूला धावली आणि सहाशेहून जास्त लोक गेले. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, ते तर सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलं. तरी लाइफजॅकेट कसं बांधायचं हे बघायला पाच मिनिटं द्यायची तयारी नाही.

बाकी जहाज छान होतं, मनापासून सांगते. केबिन साफ करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. जैन जेवण वेगळ्या भांड्यातलं, मी स्वतः आत जाऊन खात्री केली. संध्याकाळी जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवणारा पायलट चढला, टगबोटींनी ओढून बाहेर काढलं, कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्स दीपस्तंभ मागे पडला तेव्हा आमच्या सगळ्या काकू कठड्याशी उभ्या राहून समुद्राला हात जोडत होत्या. दुसरा अख्खा दिवस पाण्यातच. त्या संध्याकाळी लॉबीत टेबल मांडून जहाजवाल्यांनी अगत्तीच्या सहली विकल्या, स्नॉर्केलिंग, काचेच्या तळाची बोट, कयाक. आमच्या बऱ्याच जणांनी घेतल्या. हे टेबल लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला स्पीकरवरून कॅप्टनचा आवाज आला, आधी इंग्रजीत मग हिंदीत, की स्वेल, म्हणजे लांबून येणारा लाटांचा फुगवटा, जास्त असल्यामुळे आज प्रवाशांना बेटावर उतरवता येणार नाही. मी बाल्कनीवाल्यांच्या मजल्यावर धावले. आणि बाहेर काय, तर निरभ्र आकाश, वाऱ्याचा पत्ता नाही, लांबवर नारळीची हिरवी रेघ, त्याच्या पुढे लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ समुद्राचं, ते फिरोजी पाणी. जहाज जवळजवळ हलतच नव्हतं.

मुलुंडचे काका बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत शांत माणूस. ते म्हणाले, "मॅडम, समुद्र मला दिसतोय. कशाला खोटं सांगतायत?" आणि काकू एवढंच म्हणाल्या की आम्ही परत कधी येणार.

आठ वाजेपर्यंत रिसेप्शनसमोर तीन-चारशे माणसं जमली होती. पैसे परत द्या, कॅप्टनला बोलवा, व्हिडिओ काढा रे. डिझेल वाचवतायत, परमिटच काढलं नव्हतं, अशा अफवा या जिन्यावरून त्या जिन्यावर पोचत होत्या. काउंटरवर विशी-बाविशीची एक मणिपुरी मुलगी, तिच्यासमोर एका धट्ट्याकट्ट्या माणसाने हात आपटून काउंटरवरचा फलक खाली पाडला. ती तरीही "सर, सर" करत उभी. आपले लोक परदेशी जहाजावर गेले की अशी भाषा वापरत नाहीत, आपल्याच पोरीबाळींसमोर मात्र सगळा जोर. माझ्या ग्रुपला मी मधल्या जिन्यापाशी थांबवून ठेवलं आणि सहलींचं बघणाऱ्या ऑफिसरला गाठलं. मीही भांडायलाच गेले होते. मी म्हटलं, मला माझ्या लोकांना काहीतरी सांगायचंय, मला दाखवा. त्याने वर फोन करून विचारलं आणि मला हेल्मेट आणि लाइफजॅकेट घालून खाली नेलं.

पाण्यापासून थोड्याच उंचीवर जहाजाच्या बाजूला एक लोखंडी दार असतं, त्यातूनच छोट्या बोटीत उतरवतात, कारण अगत्तीच्या लगूनमध्ये एवढं मोठं जहाज जाऊच शकत नाही. भोवती प्रवाळाची भिंत, मधली वाट अरुंद. बेटावरची एक बोट चाचणीसाठी आलेली होती. तिचे दोन खलाशी दोर धरून उभे. बोट वर आली की तिचा काठ माझ्या गुडघ्याशी, तिथे ती जरा थांबल्यासारखी व्हायची, आणि आपण श्वास घेऊन सोडेपर्यंत एवढी खाली जायची की खलाशाचं फक्त डोकं दिसायचं. आणि जाताना सरळ खाली जात नव्हती, जहाजापासून हातभर लांब सरकायची आणि मग परत येऊन रबराच्या फेंडरवर आदळायची. त्या आदळण्याने पायाखालचा पत्रा थरथरत होता. मधल्या फटीत पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. मी तिथे उभी राहून एकच विचार करत होते, गिरगावच्या आजींचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यांनी पाय नेमका कधी टाकायचा?

ऑफिसरने समजावलं ते असं. ही लाट इथल्या वाऱ्याची नाहीच. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला मोठी वादळं होतात, तिथून निघालेला फुगवटा हजारो किलोमीटर येतो, केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, एप्रिल-मेमध्ये जास्त. एका लाटेतून दुसऱ्या लाटेत पंधरा सेकंद किंवा त्याहून जास्त अंतर, म्हणून मोठ्या जहाजावर उभ्या माणसाला कळत नाही. छोट्या बोटीला आणि प्रवाळाजवळच्या उथळ पाण्यात मात्र सगळं कळतं. आणि उतरवायचं की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त कॅप्टनचा. समुद्रातल्या जिवांच्या सुरक्षिततेचा सोलास नावाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेच्या निर्णयात जहाजाचा मालकसुद्धा कॅप्टनला अडवू शकत नाही. मला हे त्या दिवशी कळलं आणि फार बरं वाटलं. आमच्या धंद्यात गाडीच्या ड्रायव्हरला रात्री घाटात चला म्हणून ऑफिसातून फोन जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वर येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. गिरगावच्या आजी सगळ्यात आधी बोलल्या. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, लहानपणी आगबोटीने जायच्या. "अगो, आमची आगबोट बाहेरच उभी राहायची आणि पडाव यायचा न्यायला. समुद्र खवळला असला तर बंदर घेतच नसत, पुढच्या बंदरात उतरवीत. मग चाला मागे. आणि पावसाळ्यात तर बोटच बंद. कोण भांडणार समुद्राशी?" दोन-तीन जण हसले, वातावरण जरा सैल झालं. पार्ल्याच्या काकूंनी बाकीच्यांना चहाला नेलं.

मुलुंडचे काका तिथेच उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही पाहिलंत, माझा विश्वास आहे. कॅप्टनचं बरोबर. पण हे त्यांना आज सकाळी सात वाजता कळलं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुंबईत परत आल्यावर काकांनी स्वतःच शोधलं. हैदराबादला इन्कॉईस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, समुद्राचे इशारे देते. लक्षद्वीपसाठीचा मोठ्या लाटांचा इशारा आदल्या दिवशी दुपारीच निघालेला होता. म्हणजे संध्याकाळी लॉबीत जेव्हा सहलींचं टेबल लागलं, आमच्या लोकांनी कार्ड घासली, तेव्हा जहाजावर ही माहिती असायलाच हवी होती. आमच्याकडे नेट नव्हतं, त्यांच्याकडे सॅटेलाइट होतं. सहलींचे पैसे त्यांनी आठवड्याभरात परत केले, त्यात खळखळ केली नाही. पण आदल्या रात्री एक वाक्य बोलले असते, की उद्या उतरणं कठीण दिसतंय, सकाळी कॅप्टन ठरवतील, तर त्या मणिपुरी मुलीवर ती वेळ आली नसती असं मला ठामपणे वाटतं. कॅप्टनच्या निर्णयाला मी कुणाहीसमोर पाठिंबा देईन. खालच्या टेबलाला नाही देणार.

आणि आमचं ऑफिस तरी काय वेगळं? ब्रोशरवर पहिलीच ओळ लक्षद्वीप दर्शन, वर लगूनचा फोटो. बंदर वगळायचा हक्क जहाजाला आहे आणि त्यासाठी भाडं परत मिळत नाही हे शेवटच्या पानावर, एवढ्या बारीक अक्षरात की साठीतल्या माणसाला भिंग लागेल. जहाज हॉटेलसारखं विकलं की लोक हॉटेलसारखंच भांडणार.

काकांनी ऑफिसला पत्र लिहिलंय, अगदी सभ्य, नंबर घालून प्रश्न विचारलेत. ऑफिसने मला तयार उत्तर पाठवलं सही करायला, "खराब हवामानामुळे" असं लिहिलेलं. मी सही केली नाही. काकांनी त्या सकाळी जे आकाश बघितलं त्याला खराब हवामान म्हटलं तर ते पुढचं एक अक्षर खरं मानणार नाहीत. मी माझं वेगळं उत्तर लिहून दिलंय, लाटेचं कारण, लोखंडी दारापाशी मी काय पाहिलं ते, आणि इशारा कधी आला होता तेही. ते साहेबांच्या टेबलावर आहे. ऑक्टोबरच्या ग्रुपचं बुकिंग सुरू झालंय. बेटावर उतरणं समुद्रावर अवलंबून आहे, हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर फोटोच्या खाली मोठ्या अक्षरात छापा, नाहीतर तो ग्रुप दुसऱ्या कुणाला द्या, असं मी लेखी कळवलंय.