स्पीड पूर्ण, तरी साइट उघडेना

मी फायबर इंटरनेट देणाऱ्या कंपनीसाठी घरोघरी जाऊन दुरुस्ती करतो. महिन्याच्या वीस तारखेला आमच्याकडे तक्रारींचा पाऊस असतो. इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे, सूत व्यापाऱ्यांचे हिशेब घरी बसून लिहिणारी माणसं खूप आहेत आणि त्या दिवशी जीएसटीचं दर महिन्याचं ३बी रिटर्न भरायची मुदत संपते. चुकलं की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. त्या दिवशी ग्राहक फोनवर कितीही चिडला तरी मी ऐकून घेतो.

ती तक्रार हिशेब लिहिणाऱ्या एका ताईंची होती. तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, शेरा होता, ‘नेट स्लो. स्पीड टेस्ट ओके. ग्राहकाचा लॅपटॉप तपासावा.’ आधीची तिकिटंही याच शेऱ्यावर बंद केलेली. मी दारात चप्पल काढतोय तोवर ताई म्हणाल्या, “दादा, रविवारपासून बँकेची साइट उघडत नाही, क्लायंटच्या मेलमधल्या फायली उतरत नाहीत. मोबाईलच्या नेटवर हाच लॅपटॉप लावला की सगळं चालतं. हे मी प्रत्येक वेळी फोनवर सांगितलंय.”

या एका वाक्यात निम्मं निदान झालेलं होतं: लॅपटॉप चांगला आहे, समोरच्या साइट चांगल्या आहेत, बिघाड मधे कुठेतरी आहे. पण कॉल सेंटरच्या फॉर्ममध्ये हे वाक्य लिहायला जागा नाही. तिथे तीनच पर्याय: नेट बंद, नेट स्लो, बिल. त्यातलं जवळचं म्हणून ‘नेट स्लो’ निवडायचं, स्पीड टेस्ट करायला लावायची, आकडा पूर्ण आला की तिकीट बंद.

फायबरची बाजू पाच मिनिटांत तपासून झाली. हिरवं कनेक्टर काढून पुसलं, फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, उणे २० डीबीएम. ताकद उणे २७ च्या खाली गेली की आम्ही काळजी करतो, म्हणजे लाईन उत्तम. पॅचकॉर्ड, म्हणजे घरातली छोटी फायबर वायर, कुठे दुमडलेली नाही, सिग्नल तुटल्यावर लागणारा एलओएसचा लाल दिवा बंद. स्पीड टेस्ट लावली, प्लॅनप्रमाणे पूर्ण १०० एमबीपीएस. यूट्यूब झकास, गुगल झकास, व्हॉट्सॲपचे मेसेज जातायत. बँकेची साइट मात्र नुसती गोल गोल फिरत राहते. एरर नाही, काही नाही.

राउटरच्या पानावर गेलो. रविवारी पहाटे तो आपोआप रीस्टार्ट झालेला आणि फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, नंबर बदललेला. कंपनी ही अपडेट रात्री दुरूनच ढकलते. ग्राहकाला कळवत नाही, आम्हालाही नाही. लोकांच्या घरात शिरून काम करणाऱ्या माणसाला काय बदललं हे सांगायचं नाही, ही पद्धत मला आजवर पटलेली नाही.

अपडेटनंतर नेहमी जे बिघडतं ते आधी पाहिलं. पीपीपीओईचं, म्हणजे राउटर आमच्या नेटवर्कमध्ये लॉगिन करतो त्या पद्धतीचं, नाव-पासवर्ड जागेवर, व्हीलॅन हा लाईनचा ठरलेला नंबर जागेवर, साइटचे पत्ते शोधून देणारा डीएनएस बदलून पाहिला, फरक नाही. वायफाय सोडून केबल लावली, तरी तेच. मग पिंगवर आलो, म्हणजे एक पॅकेट, डेटाचा छोटा गठ्ठा, पाठवून उत्तर येतं का पाहायचं. पिंगला पॅकेटचा आकार ठरवून देता येतो आणि ‘वाटेत तोडू नका’ अशी अट घालता येते. १४६४ बाइट पाठवले, उत्तर आलं. १४६५ पाठवले, राउटरनेच अडवले. १४६४ मध्ये हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याचे, २८ मिळवले की १४९२. आमच्या लाईनची मर्यादा तेवढीच असते, कारण इथरनेटच्या १५०० बाइटमधले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं. म्हणजे इथेही सगळं बरोबर!

इथे मी थांबून विचार केला. लॅपटॉपला या ८ बाइटांची कल्पना नसते. साइटशी बोलणं सुरू करताना तो सांगतो, एका वेळी १४६० बाइट पाठव. हा निरोप जाताना राउटरने मधल्या मधे १४५२ करायचा असतो. त्याने तो बदलला नाही तर समोरचा सर्व्हर मोठं पॅकेट पाठवतो आणि ते आमच्या लाईनच्या तोंडाशी टाकून दिलं जातं. ‘आकार कमी करा’ असा उलट निरोप सर्व्हरकडे निघतो खरा, पण बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली तो अडवून ठेवतात. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्रच काही हजार बाइटांचं असतं, ते पोचत नाही आणि पान फिरत राहतं. क्रोम ब्राउझरमध्ये यूट्यूब आणि गुगल वेगळ्या पद्धतीने, मुळातच लहान पॅकेटांवर चालतात. स्पीड टेस्टचा सर्व्हर आमच्याच नेटवर्कमधला, त्याला तो उलट निरोप व्यवस्थित मिळतो. ज्या चाचणीवर तिकिटं बंद होत होती, तिला हा बिघाड दिसणं शक्यच नव्हतं.

लॅपटॉपवर कमांड देऊन त्याची पॅकेटची मर्यादा १४९२ केली आणि ताईंना म्हटलं, उघडा. बँकेचं लॉगिन क्षणात आलं. मर्यादा परत १५०० केली, पुन्हा फिरायला लागलं. परत १४९२, उघडलं. दोन्हीचे फोटो काढले. ताई लगेच रिटर्नं भरायला बसल्या. मी ऑफिसातून दुसऱ्या मॉडेलचा राउटर मागवला, त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या सिस्टीमवर चढवून घेतला आणि बदलून टाकला. नाहीतर लॅपटॉप तेवढा चालला असता आणि ताईंच्या सासऱ्यांच्या फोनवरचं बँकेचं ॲप तसंच अडकलं असतं.

निघताना ताईंनी सांगितलं की कॉल सेंटरच्या सांगण्यावरून त्यांनी ओळखीच्या दुकानातून लॅपटॉप फॉरमॅट करून आणला होता. पैसे गेले, आणि हिशेबाचा डेटा परत चढवण्यात रात्र गेली. चांगला लॅपटॉप! हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

वरच्या ऑफिसला फोटो पाठवले तर पहिलं उत्तर आलं, ‘फर्मवेअर लेटेस्ट आहे.’ मी त्याच मॉडेलची, रविवारनंतर ‘स्पीड ओके’ म्हणून बंद केलेली तिकिटं काढली आणि एकेका घरी फोन लावला. एक शिक्षक म्हणाले, बँकेची साइटच बंद असेल म्हणून आम्ही शाखेत जाऊन आलो. एका घरी नवा लॅपटॉप घ्यायचं चाललं होतं, त्यांना थांबवलं. एकाने कनेक्शनच तोडलं होतं. ती यादी वर पाठवली तेव्हा कुठे हालचाल झाली आणि काही दिवसांनी रात्रीतच दुसरं फर्मवेअर आलं. त्यात काय दुरुस्त केलं, याचा एका ओळीचा मेसेजही आम्हाला नाही.

ताईंच्या फॉरमॅटचे पैसे बिलातून वजा करा, असा अर्ज मी स्वतः दिलाय. तो अजून मंजूर नाही. फॉर्ममध्ये ‘काही साइट उघडत नाहीत’ हा चौथा पर्याय घाला, असंही त्यात लिहिलंय. तोवर आमच्या भागातली अशी तक्रार आली की तिकीट बंद करण्याआधी मला फोन करा, असं कॉल सेंटरच्या पोरांना सांगून ठेवलंय. दोघं-तिघं करतात.