बाबांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड

रविवार, रात्री साडेदहा

बारा दिवसांनी आज बाबांचा कॉम्प्युटर सुरू झाला. हात अजून थर्मल पेस्टने (प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणाऱ्या लेपाने) करडे आहेत, पण झोपण्याआधी हे लिहून ठेवतो.

बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवा लागायचा, पडद्यावर मात्र काळोख. रॅम (मेमरीची पट्टी) रबराने घासून झाली, स्लॉट बदलून झाले, दुसरा पॉवर सप्लायही लावून पाहिला. शेवटी दोन्ही रॅम काढूनच चालू केला. अशा वेळी स्पीकर पी-पी करून ओरडायला हवा. तो गप्पच राहिला, तेव्हा कळलं की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला. प्रोसेसर सहसा जात नाही.

"नवीनच घ्या आता," असं घरातले सगळे म्हणाले. पण बाबांनी वीस वर्षं लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका जुळवल्या त्या पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या मराठी फॉन्टांत. ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. हे सगळं बसवलंय विंडोज सेव्हनवर, आणि इंटेल प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासून पुढे विंडोज सेव्हनला अधिकृत आधारच नाही. म्हणून आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर तोच ठेवायचा आणि त्याला जुना, ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड शोधायचा, असं मी ठरवलं.

काल डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवर एच-६१ चिपसेटचे (नियंत्रक चिपचे) बोर्ड मिळतात, पण हा चिपसेट दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आलेला. बायोस (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर तिसऱ्या पिढीचा ३४७० लावल्यावर पडदा काळाच राहतो. म्हणून प्रोसेसर डबीत घालून सोबत नेला होता. चौथ्या दुकानातल्या काकांनी तो लावून डिस्प्ले दाखवला, मगच बावीसशे रुपये दिले.

आज सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरले. जुना बोर्ड काढण्याआधी बाबांनी पुढच्या बटणांच्या बारीक वायरींना चिठ्ठ्या चिकटवल्या: 'चालू', 'रिसेट', 'दिवा', 'डिस्क'. अक्षर तेच, पूर्वी छपाईच्या ट्रेसिंग पेपरच्या कोपऱ्यात असायचं ते. नवा बोर्ड जरा अरुंद निघाला. कॅबिनेटमधला एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंटा) त्याच्या भोकाखाली येत नव्हता. तो तसाच राहिला असता तर मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट झाला असता. काढला.

सॉकेटशी मात्र माझा श्वास अडकला. या प्रोसेसरला पिना नसतात, त्या बोर्डावर असतात, केसासारख्या ११५५. एक वाकली तरी बोर्ड वाया जाऊ शकतो. बाबांनी प्रुफं तपासायचं भिंग आणलं आणि टॉर्च धरून ओळीन् ओळ पाहिली. "सरळ आहेत सगळ्या. ठेव." कडेच्या दोन खाचा जुळवून प्रोसेसर नुसता ठेवला, दाबला नाही. मग खटका, मसुराएवढी पेस्ट, वर पंखा.

चालू केला. बायोस दिसलं, विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा पडदा, त्यावर एरर कोड, शेवटी ७बी. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची मागे सरकवली. मला ते फार लागलं. अर्ध्या तासाने सुचलं. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात: जुन्या बोर्डावर हार्ड डिस्क आयडीई मोडमध्ये होती, नव्याचं बायोस एएचसीआयवर. विंडोज सेव्हन त्या ड्रायव्हरशिवाय स्वतःचीच डिस्क ओळखत नव्हतं. बायोसमध्ये साटा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आयडीई केला, सेव्ह, रीस्टार्ट. या वेळी डेस्कटॉप आला.

बाबांनी पहिली फाइल उघडली ती ताईच्या पत्रिकेची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी. त्यांनी 'श्री' मोठा केला, आणखी मोठा केला.

"या वेलांटीला फॉन्टमध्ये जागा कमी पडत होती," ते म्हणाले. "मी हाताने बसवली होती ती."

मी पेनड्राइव्ह लावला. एकेक फाइल पीडीएफ करून ठेवायची आहे. सुरुवात ताईच्या पत्रिकेपासूनच केली.