चिठ्ठी मी खालून वर वाचतो

गडहिंग्लज भागात आमचं मेडिकल आहे, १६ वर्षं झाली मी काउंटरला उभा आहे, मागच्या भिंतीवर फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन फ्रेम करून लावलंय तरी निम्मं गाव मला डॉक्टरच म्हणतं. मी डॉक्टर नाही, मला गोळी लिहून द्यायचा अधिकार नाही, लिहिलेली गोळी नीट बघून द्यायची एवढंच माझं काम, हे रोज चारपाच जणांना तरी सांगावं लागतं. आणि बघून द्यायची म्हणजे काय ते त्या शनिवारी जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं.

२०२५ चा जुलै. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि फ्रिज चालू. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक तिशीतला मुलगा आला, जवळच्याच गावचा, रेनकोटातून पाणी गळतंय आणि चिठ्ठी दुधाच्या पिशवीत घालून आणलेली. म्हणाला, "आईचं तोंड आलंय, लावायला मलम द्या, आणि ह्या गोळ्या पंधरा दिवसाच्या बांधून द्या."

मी चिठ्ठी खालून वर वाचतो. ही सवय मला पहिल्या दुकानाच्या मालकांनी लावली. आधी सही, मग तारीख, मग डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर, आणि सगळ्यात शेवटी औषधं. कारण औषधं आधी वाचली की हात आपोआप रॅककडे जातो, मग सही बघायची राहूनच जाते.

डिग्री होती बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची. डॉक्टर माझ्या ओळखीचे, पन्नाशीतले, चांगला माणूस, रात्री अकराला दार वाजवलं तरी उघडणारे. आणि औषधं सगळी ॲलोपॅथीची. मेथोट्रेक्सेट ७.५, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, एक दुखण्याची गोळी. चारही औषधांपुढे एकाखाली एक १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, ३० दिवस.

इथं थोडं कायद्याचं सांगावं लागेल, कारण माझा हात थांबला तो कायद्यामुळेच. चिठ्ठीवरची औषधं कुणाच्या सहीनं द्यायची ते १९४५ च्या ड्रग्ज रूल्समध्ये लिहिलंय. एमबीबीएस आणि त्यावरचे सगळे, दातांचे डॉक्टर त्यांच्या कामापुरते, जनावरांचे डॉक्टर जनावरांसाठी, आणि शिवाय एक वर्ग असा की ज्यांना राज्य सरकार स्वतंत्र आदेश काढून मान्यता देईल. ह्या शेवटच्या वर्गातून महाराष्ट्रात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे डॉक्टर आले, म्हणून त्यांची ॲलोपॅथीची चिठ्ठी आम्ही घेतो. पण ते राज्यापुरतंच. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुख्तियार चंद केसमध्ये हेच सांगितलं, की ज्या राज्यानं मान्यता दिली त्या राज्यातच ती चालते. आमच्यापासून संकेश्वर अर्ध्या तासावर, ते कर्नाटकात, तिथं बीएएमएसना अशी सरसकट परवानगी नाही, तिकडून पेशंट तशी चिठ्ठी घेऊन इकडे येतात आणि मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं आम्ही कर्नाटकचे म्हणून देत नाही. कसं समजावणार, तो डॉक्टर इकडच्याएवढंच शिकलेला, मधे फक्त हद्द आहे.

होमिओपॅथीचं आणखी वेगळं. त्या नियमात राज्याला जी सूट दिली तिच्यातूनच होमिओपॅथीचं रजिस्टर स्पष्ट शब्दांत वगळलंय. मग २०१४ मध्ये आपल्या राज्यानं कायदा बदलला, की सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेला होमिओपॅथ ठराविक ॲलोपॅथीची औषधं देऊ शकतो. त्याला हायकोर्टात आव्हान दिलं गेलं. म्हणजे केंद्राचा नियम एक सांगतो, राज्याचा कायदा दुसरं, आणि मधे काउंटरला माझ्यासारखा माणूस. त्यात त्या जुलैमध्ये मेडिकल कौन्सिल १५ तारखेपासून सीसीएमपीवाल्यांची नोंदणी सुरू करणार होतं आणि ११ तारखेला ते थांबवलं. हा मुलगा आला तो दुसरा दिवस.

तर मी त्याला म्हटलं, "दादा, ही चिठ्ठी मला चालणार नाही. मोठ्या डॉक्टरांचा मूळ कागद आहे का?"

तो वैतागला, साहजिक होतं. "अवो गेल्या टायमाला दुसऱ्या दुकानात ह्याच चिठ्ठीवर दिल्या की. तुमचंच काय येगळं?"

गेल्या टायमाला दिल्या, हे ऐकलं आणि परत चिठ्ठीकडे बघितलं. मेथोट्रेक्सेट. १-०-०. आणि तोंड आलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसमध्ये कॅन्सरला वापरतात आणि बारीक डोसमध्ये आमवाताला, म्हणजे हाताची बोटं वाकडी करणारा संधिवात, आणि सोरायसिसला. पण ह्या दोन्हीत ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर शरीरात नव्या पेशी तयार होणं बंद पडायला लागतं, आधी तोंडात आणि आतड्यात जखमा होतात, मग रक्तातल्या पेशी खाली येतात, आणि मग साधा ताप सुद्धा माणसाला घेऊन जातो. जगभर ह्या एका चुकीनं माणसं गेलीयत, आम्हाला कॉलेजात हे शिकवतात.

मी विचारलं, "आई ही पिवळी गोळी कधी कधी घेते?"

"रोज सकाळी. मीच देतो की, चुकवत नाय."

"किती दिवस झाले?"

त्यानं बोटावर मोजलं. "नऊ."

मला खरंच घाम फुटला. विचारलं ताप आहे का, तर म्हणाला कालपासून अंग गरम लागतंय, आठवडाभर नीट जेवली नाही, पाणी गिळताना पण रडते. तो मलम न्यायला आला होता! आणि मी नुसतं नाही म्हणून परत पाठवलं असतं तर तो दुसऱ्या दुकानात गेला असता, तिथं गोळ्या मिळाल्या असत्या आणि मलम पण.

मूळ फाइलचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, वर्षापूर्वी बहिणीला व्हॉट्सॲपला पाठवलेला. कोल्हापूरच्या संधिवाताच्या डॉक्टरांचा कागद, अक्षर बारीक पण वाचता येत होतं, मेथोट्रेक्सेट ७.५, दर सोमवारी एक, फॉलिक ॲसिड गुरुवारी. फाइलवरचा नंबर लावला, तिसऱ्यांदा लागला, ड्युटीवरच्या मॅडमनी दोनच वाक्यांत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गोळी आत्ता बंद, घरी ठेवू नका, आजच घेऊन या. कोल्हापूर आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर, रस्त्यावर पाणी, तरी रात्री दहाला गाडी निघाली. त्यांच्या घरातली उरलेली स्ट्रिप मी त्याला आणायला लावली आणि चिठ्ठीबरोबर पिशवीत घालून दिली, म्हणजे तिथं काही सांगावं लागू नये.

पांढऱ्या पेशी १८०० निघाल्या, चार हजाराच्या वर पाहिजेत. फोलिनिक ॲसिडची, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरच्या उताऱ्याची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, दहा दिवस ॲडमिट. वाचल्या त्या.

पुढच्या आठवड्यात मी दुकान दुपारी बंद करून त्या होमिओपॅथी डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. फोनवर सांगायची गोष्टच नव्हती ती. त्यांनी ऐकलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्या बाईला दर महिन्याला कोल्हापूर जमत नव्हतं, मुलाचा रोज बुडायचा, वर एसटी आणि तपासणीचा खर्च, म्हणून मी आपली जुनी औषधं माझ्या लेटरहेडवर उतरवून दिली, एका ओळीत सगळं लिहीत गेलो. "मी सीसीएमपी केलंय रे, मंगळवारी नाव चढणार होतं रजिस्टरात." हे ते बचावासाठी म्हणत नव्हते, त्यांचे डोळे भरले होते.

मला त्यांचा राग आला नाही असं नाही. आला. पण खरं सांगायचं तर जास्त राग आला तो ज्या दुकानातून त्या गोळ्या न विचारता बाहेर पडल्या त्याचा, कारण तिथं फार्मासिस्टच्या नावाचा बोर्ड असतो आणि काउंटरला बारावी झालेला पोरगा असतो. फार्मसी ॲक्ट १९४८ चा आहे, चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचं असं त्यात लिहिलंय, ड्रग्ज रूल्समध्ये त्यानं किंवा त्याच्या नजरेखाली असं आहे, पण ती नजर घरी टीव्ही बघत असते. एमबीबीएस डॉक्टरनं सुद्धा घाईत १-०-० लिहिलं असतं, लिहितात, मी बघितलंय. अशावेळी फोन लावणारा कुणीतरी काउंटरला पाहिजे. आणि डॉक्टर कितीही मनमिळाऊ असला तरी दुसऱ्याचं औषध स्वतःच्या लेटरहेडवर उतरवणं म्हणजे नवीन चिठ्ठी लिहिणंच आहे, ती लिहिताना ते औषध माहीत पाहिजे. सीसीएमपीच्या बाजूनं गावात डॉक्टर मिळत नाहीत हे जे बोललं जातं ते मला मान्य आहे, मी रोज बघतो. पण एक वर्षाच्या कोर्सवाल्यानं नेमकी कुठली औषधं लिहायची आणि कुठली नाही ह्याची छापील यादी माझ्या काउंटरवर पाहिजे. ती माझ्याकडे कुणी आणून दिलेली नाही.

सप्टेंबरमध्ये सरकारनं नोंदणी परत सुरू करायचा आदेश काढला, त्याविरुद्ध १८ तारखेला ॲलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले, त्या दिवशी माझ्या दुकानात चिठ्ठी नसलेलीच माणसं जास्त, "तुम्हीच द्या काहीतरी" म्हणत. नाही दिलं. ताप मोजला, ओआरएस, पॅरासिटामॉल, आणि दोघांना रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात.

त्या मावशी दिवाळीच्या आधी स्वतः आल्या, मुलाच्या गाडीवर मागे बसून. तोंड उघडून दाखवलं आधी, बरं झालंय म्हणून. कोल्हापूरचा नवीन कागद होता, गोळी परत चालू केलेली, दर सोमवारी. मी चार गोळ्या कापून वेगळ्या पाकिटात घातल्या आणि वर मार्करनं मोठ्ठं सोमवार लिहिलं. मुलगा म्हणाला, कालनिर्णयवर पण गोल केलेत. मावशींनी पाकीट हातात घेतलं, वाचता येत नाही त्यांना, म्हणाल्या, "ह्यावर बाजाराचं चित्र काढ, आमचा बाजार सोमवारी असतोय."

मग मी पाटी काढली, भाजीची.