ड्रॅगन बॉल कुठून सुरू करायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न बहुतेक असा येतो: "ड्रॅगन बॉल झेड ही जपानी कार्टून मालिका पहिल्यांदाच बघायचीय. थेट पहिल्या भागापासून लावू का?" झेडच्या पहिल्या भागापासून नका लावू. त्याच्या आधी 153 भाग आहेत, आणि तेच लोक गाळतात.

मूळ गोष्ट अकिरा तोरियामांच्या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. 1984 ते 1995 या काळात ती 'शोनेन जंप' साप्ताहिकात 519 प्रकरणांत आली आणि पुढे तिचे 42 खंड झाले. या 519 प्रकरणांत 'झेड' नावाचं काही नाही, सलग एकच कथा आहे. दोन तुकडे केले ते टीव्हीवाल्यांनी. पहिल्या 194 प्रकरणांवरची मालिका 'ड्रॅगन बॉल' या नावाने फेब्रुवारी 1986 ते एप्रिल 1989 चालली. ती संपली 19 एप्रिलच्या बुधवारी, आणि पुढच्याच बुधवारी त्याच वाहिनीवर 195 व्या प्रकरणापासून 'झेड' सुरू झालं. तोरियामांना तेव्हाच गोष्ट आवरती घ्यायची होती, म्हणून त्यांनी इंग्रजी वर्णमालेतलं शेवटचं अक्षर सुचवलं, असं ते सांगत. त्यानंतर आणखी 291 भाग झाले!

आपल्याकडच्या कित्येकांनी झेड कार्टून नेटवर्कवर हिंदीतून, मधूनच कुठून तरी पाहिलेलं असतं. त्यांच्या डोक्यात मालिकेचा नायक गोकू म्हणजे पिवळ्या केसांचा दणकट गडी. पण 1986 मधला गोकू शेपटी असलेलं, डोंगरात एकटं वाढलेलं पोर आहे. मुलगी म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नाही. ही शेपटी कशाची, हे कोडं पहिल्या भागापासून पडलेलं असतं आणि ते सुटतं झेडच्या सुरुवातीला. कोडं पडायच्या आधीच उत्तर ऐकलं तर त्यात गंमत ती काय? गोकूचा जुना वैरी पिकोलो, त्याचंही तेच. झेडच्या पहिल्याच लढतीत तो गोकूच्या बाजूने उभा राहतो, त्याचं वजन कळायला आधीच्या मालिकेतले 102 ते 148 हे भाग पाहिलेले असावे लागतात. ते न पाहणाऱ्याला तो फक्त एक हिरवा, तिरसट माणूस दिसतो.

आता वेळेचा हिशोब. शीर्षकगीत, शेवटचं गाणं आणि मागच्या भागाची उजळणी वगळली तर एका भागात फार तर 20 मिनिटं गोष्ट असते. मूळ मालिका आणि झेड मिळून 444 भाग, म्हणजे सुमारे 148 तास. एवढं एका दमात कोणाला सांगू नये. अडचण झेडच्या लांबीची तेवढी नाही, त्यातल्या पाण्याची आहे. मांगाचं प्रकरण दर आठवड्याला साधारण 15 पानांचं असायचं आणि टीव्हीचा भागही दर आठवड्यालाच. पंधरा पानं पडद्यावर वीस मिनिटांत सहज उडून जातात, त्यामुळे मालिका सतत मांगाच्या टाचेवर येऊन ठेपायची. मग काय करणार? दोघं एकमेकांकडे बघत उभे, वारा सुटलाय, दगड हवेत उचलले जातायत, बाजूच्या पाच जणांचे पाच दचकलेले चेहरे. आपल्या संध्याकाळच्या मालिकांवर वाढलेल्या माणसाला हे तंत्र वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा जाहीर करतो आणि ती पाच मिनिटं नऊ-दहा भाग पुरतात. शिवाय मांगात नसलेली जोडकथानकं येतात, ज्यांना फिलर म्हणतात. 108 ते 117 हे गार्लिक ज्युनिअरचे दहा भाग पूर्ण फिलर आहेत, 195 ते 199 ही परलोकातली स्पर्धाही तशीच.

यावर उतारा म्हणजे 'काई'. तोएई कंपनीने 2009 मध्ये झेडचीच जुनी चित्रं साफ करून, फिलर कापून, आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून ही आवृत्ती काढली. सेल या खलनायकाचं पर्व संपेपर्यंत झेडचे 194 भाग लागतात, काईचे 98. म्हणून माझा क्रम असा: आधी 1986 ची मालिका, मग काईचे हे 98, आणि नंतर बू या खलनायकाच्या, म्हणजे शेवटच्या पर्वासाठी परत जुन्या झेडवर येऊन 200 ते 291. बूचं पर्व काईतही आहे, 2014 नंतर आलेलं, पण त्यात कात्री तितकी धारदार नाही आणि चित्रावर हिरवट झाक चढलेली आहे. त्यापेक्षा मूळचं बरं. एकूण 343 भाग होतात. रोज दोन धरले तर सहा महिन्यांच्या आत संपतं.

काईमध्ये एक नुकसान मात्र आहे, झेडचा 125 वा भाग त्यात नाही. गोकू आणि पिकोलो गाडी चालवण्याचं लायसन काढायला जातात तो. पूर्ण फिलर, आणि संपूर्ण झेडमधल्या सर्वांत मजेदार भागांपैकी एक. भविष्यातून आलेला तरुण येऊन गेला की अँड्रॉइड, म्हणजे मालिकेतले यंत्रमानव, येण्याआधी तेवढा वेगळा काढून बघा.

रोज दोनच भाग का, तर प्रत्येक भाग आठवड्याच्या अंतराने बघण्यासाठी बेतलेला आहे. रविवारी आठ भाग सलग लावले की तीच उजळणी आठ वेळा आणि तोच निवेदक आठ वेळा, आणि तिसऱ्या तासाला माणूस मोबाइल हातात घेतो. दुसरं पथ्य म्हणजे शेवटचं गाणं लागलं की बंद करा. त्यानंतर येणारी पुढच्या भागाची झलक आणि भागाचं जपानी शीर्षक निकाल सरळ सांगून टाकतात. कोण मरणार, कोण रूप बदलणार, सगळं. एखाद्या पात्राचं नाव इंटरनेटवर शोधलं तरी पहिल्या ओळीतच घात होतो.

पहिल्या 13 भागांबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. म्हातारा गुरू रोशी बायकांच्या मागे लागलेला आहे आणि त्यावरचे विनोद आज कानाला खटकतात, काही तेव्हाही खटकायला हवे होते. लहान मुलांना शेजारी बसवून हे भाग लावू नका, आधी स्वतः बघा. मालिकेची खरी पकड चौदाव्या भागापासून. रोशी गोकू आणि त्याचा सोबती क्रिलिन यांना शिकवायला घेतो, म्हणजे पाठीवर जड कासवाची पाठ बांधून दूध टाकायला, शेत नांगरायला लावतो. मग एकोणिसाव्या भागापासून स्पर्धा. 28 व्या भागात ती संपते. तिथवर मजा आली नाही तर खुशाल सोडा, पुढे आवडेल या आशेवर शंभर भाग रेटण्यात अर्थ नाही. शेवटचे 149 ते 153 हे लग्नाआधीच्या धावपळीचे भाग मांगात नाहीत, ऐच्छिक समजा.

भाषा? पहिल्यांदा बघताना जपानी आवाज आणि सबटायटल्स. मासाको नोझावा या बाईंनी लहान गोकूला आवाज दिला आणि तो मोठा झाल्यावरही त्यांनीच. झेडपासून सुरू करणाऱ्याला दांडग्या पुरुषाचा हा आवाज दोन मिनिटंही झेपत नाही. 1986 पासून ऐकणाऱ्याला तो त्याच पोराचा आवाज वाटतो, वाटायलाही हवाच. जपानीत गोकू अडाणी, खेडवळ बोलतो, सबटायटल्समध्ये ते सपाट होतं. जुन्या इंग्रजी डबिंगने तर त्याला न्यायासाठी झगडणारा सुपरहिरो करून टाकलं. मूळचा गोकू लढतो कारण त्याला लढायला आवडतं, आणि त्याच्या हातून होणाऱ्या चुकाही त्यातूनच होतात. इंग्रजीतली सर्वांत जुनी, 1996 ची आवृत्ती तर टाळाच. तिच्यात पहिल्या 67 भागांचे कापून 53 केले होते आणि मेलेली पात्रं मेली म्हणायचीही सोय नव्हती.

जपानी ऐकताना नावांकडेही कान द्या. सायन ही मालिकेतली लढवय्यी जमात, तिचा मुंबईच्या सायनशी संबंध नाही. यासाई म्हणजे भाजी, त्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करून हे नाव बनलं. त्या जमातीत काकारोट हे गाजर, राडिट्झ मुळा, नाप्पा कोबी आणि राजपुत्र व्हेजिटा म्हणजे अख्खी मंडई! फ्रीझा अर्थातच फ्रीझर.

ताकदीचे आकडे फार मनावर घेऊ नका. झेडच्या पहिल्या भागात राडिट्झचं ताकद मोजायचं यंत्र एका शेतकऱ्याची ताकद 5 दाखवतं. मग गोकूची 334, त्याने अंगावरचे वजनदार कपडे काढल्यावर 416, आणि कामेहामेहा हा हातांतून निघणारा ऊर्जेचा झोत सोडताना 924. म्हणजे आकडा स्थिर नसतो, आणि यंत्रावर विसंबणारे तिथेच फसतात. फ्रीझा 5,30,000 सांगतो तोवर आकड्यांचा उपयोग संपत आलेला असतो आणि पुढे तोरियामांनीही तो नाद सोडला. पिवळ्या केसांमागेही सोय होती. कृष्णधवल पानांवर केस कोरे सोडले की ते काळे रंगवण्यात सहायकाचा जाणारा वेळ वाचायचा.

चित्रपटांपैकी झेडच्या काळातले 13 मुख्य कथेत कुठेच बसत नाहीत, ते मधे घुसवू नका. झेडनंतरची 'जीटी' ही मालिका मांगावर आधारलेली नाही. त्यानंतरच्या 'सुपर' या मालिकेचे 131 भाग 2015 ते 2018 मधले. त्यांची कथा बूच्या पराभवानंतर काही काळाने सुरू होते, पण झेडच्या अगदी शेवटच्या भागांतला प्रसंग त्याहूनही पुढच्या वर्षांतला आहे. म्हणून 291 वा भाग पाहून लगेच 'सुपर' लावलं तर पात्रांची वयं जुळत नाहीत आणि काहीतरी निसटलं असं वाटतं. तसं काही निसटलेलं नसतं, कथा फक्त मागे आलेली असते.