जुन्या पद्मिनीच्या वायपरचा डिले दुरुस्त करताना

आषाढातल्या मुसळधार पावसात वायपरचा डिले, म्हणजे वायपर थांबून-थांबून फिरवायची सोय, कोणी वापरत नाही. त्याची गरज पडते श्रावणातल्या सरींमध्ये, नाहीतर साखरप्याहून आंबा घाट चढताना काचेवर धुकं बसू लागतं तेव्हा. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत दोन गतींची सेल्फ-पार्क मोटर (बंद केल्यावर वायपर आपोआप खाली आणून बसवणारी) आणि डॅशखाली ५५५ आयसीचा, म्हणजे वेळ मोजणाऱ्या चिपचा, डिले-बॉक्स आहे. दोन्ही नंतर बसवलेले. बिघाड असा होता: नॉब अर्ध्यापर्यंत फिरवला तर वायपर नीट चाले, त्याच्या पुढे नेला की एक फेरा मारून जो बसे तो पुन्हा उठतच नसे. शिवाय अधूनमधून तो काचेच्या मध्यावर थांबे.

हे दोन वेगळे बिघाड आहेत. एकाच बॉक्सवर दोन्हींचा ठपका ठेवून नवा बॉक्स आणला, तर निम्मा त्रास तसाच राहतो.

डिले-बॉक्स वायपरला फक्त धक्का देतो. त्यातला रिले (विजेने चालणारा स्विच) पाऊण सेकंद ओढला जातो आणि मोटर सुरू होते. तेवढ्यात मोटरमधली पार्कची चकती जागेवरून सरकते आणि उरलेल्या फेऱ्याचा करंट पार्कच्या कॉन्टॅक्टमधून मिळतो. रिले सुटल्यावर हा करंट रिलेच्याच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे रिले सुटलेला असताना जोडलेल्या, पायातून जातो. म्हणून वायपर मध्यावर थांबत असेल तर दोष टायमिंगचा नसतो. तो पाय जळलेला असतो किंवा पार्कचा कॉन्टॅक्ट खराब झालेला असतो.

शोधायला सोपं आहे. बॉक्सकडून आलेली मोटरची आणि पार्कची वायर काढा, मोटरच्या वायरीला बॅटरीचा प्लस द्या, आणि वायपर मध्यावर आला की प्लस सोडून दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. वायपर खाली येऊन बसला तर मोटर चांगली आणि रिले खराब. मध्यावरच राहिला तर मोटरचं झाकण उघडावं लागेल. माझ्याकडे दुसरा प्रकार निघाला: पितळी चकतीवर हिरवट थर आणि वर दगडासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं. खारी हवा झाकणाच्या फटीतून आत जाते आणि पावसाळाभर ओल सुटत नाही. रॉकेलच्या बोळ्याने ग्रीस काढा, चकती १०००-१२०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. कानस लावू नका, पितळ पातळ असतं. नवं ग्रीस फक्त गिअरला लावा, कॉन्टॅक्टला नाही.

झाकण लावायच्या आधी बॉडी अर्थ, म्हणजे मोटरची गाडीच्या पत्र्याशी असलेली मायनसची जोडणी, बघा. काच ओली करून वायपर चालू ठेवा, मीटरचा लाल प्रोब मोटरच्या अंगाला आणि काळा बॅटरीच्या मायनस टर्मिनलला लावा. ०.२ व्होल्टच्या वर वाचन आलं तर अर्थ साफ करायलाच हवा: बोल्ट काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वायसर घाला आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा. अर्थ खराब असेल तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा विजेचा खडखडाट बॉक्सपर्यंत पोचतो आणि डिले मनाला येईल तसा वागतो.

आता खरा प्रश्न, लांब डिलेचा. माझ्या बॉक्सात २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ मेगोहमचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर), त्याच्याशी सिरीजमध्ये १०० किलोओहमचा आणि कपॅसिटर रिकामा करायला (डिस्चार्जसाठी) ४७ किलोओहमचा रेझिस्टर आहे. या आकड्यांनी रिले साधारण ०.७ सेकंद ओढला जातो आणि दोन फेऱ्यांमधली वेळ सव्वादोन ते साडेसतरा सेकंद मिळते. कपॅसिटर सप्लायच्या दोन-तृतीयांशापर्यंत, म्हणजे १२ व्होल्टला ८ व्होल्टपर्यंत, चढला की धक्का बसतो. पॉट पूर्ण फिरवलेला असताना ८ व्होल्टजवळ चढवणारा करंट जेमतेम साडेतीन मायक्रोअँपिअर उरतो. जुना कपॅसिटर तेवढाच करंट आतल्या आत गळू देत असेल, तर व्होल्टेज सहा-सात व्होल्टवर अडकतं आणि वायपर बसून राहतो. बोर्डवर खारट ओल साचली तरी हेच होतं, म्हणून कपॅसिटर बदलूनही काहींचा बिघाड जात नाही.

मीटर ५५५ च्या ६ नंबरच्या पायावर लावून हे दिसतं, पण डिजिटल मीटरच वापरा. काट्याचा मीटर स्वतःच इतका करंट खेचतो की चांगला बोर्डही अडकलेला दिसतो.

कपॅसिटर गळण्याऐवजी सुकला असेल तर लक्षण उलटं असतं. डिले आखूड होतो, धक्काही आखूड होतो, आणि वायपर नुसता थरथरून बसतो. बॅटरीला दोष देऊ नका. ५५५ सप्लायच्या प्रमाणात मोजतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी झाल्याने वेळ बदलत नाही. स्विच लावल्यावर पहिला धक्का उशिरा येतो, तोही बिघाड नाही. कपॅसिटर शून्यापासून चढत असतो, म्हणून पहिली वेळ नेहमीच्या दीडपटीहून थोडी जास्त असते.

नवा कपॅसिटर २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा घ्या. ३५ व्होल्टचा टँटलम मिळाला तर तो उत्तम, गळती फार कमी. मात्र प्लस-मायनस उलटं झालं तर तो जळतो. तिथेच रिलेच्या कॉइलवर ४००७ डायोड आहे का बघा (पट्टी प्लसकडे), आणि ५५५ च्या ५ नंबरच्या पायावरून मायनसला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. रिले बदलायचा असेल तर १० अँपिअरचा, पाच पायांचा चेंजओव्हर. चार पायांच्या रिलेला नॉर्मली क्लोज्ड पाय नसतो, त्याने वायपरचं आपोआप खाली बसणं जाईल.

यापुढचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने घासून धुवा, जुना फ्लक्स (सोल्डर करताना उरलेला राळेसारखा थर) पूर्ण जाऊ द्या. मग ६० वॅटच्या पिवळ्या बल्बखाली तासभर वाळवा. श्रावणातल्या उन्हावर विसंबू नका. पूर्ण कोरडा झाल्यावरच सोल्डरच्या बाजूला पीसीबी वार्निश दोन हात मारा. ओल्या बोर्डवर वार्निश मारलं तर ओल आत कोंडते आणि महिन्याभरात तोच बिघाड परत येतो. पॉट आणि रिलेवर वार्निश उडू देऊ नका.

बॉक्स बसवताना वायरींचं तोंड खाली ठेवा. वायर बॉक्समधून निघाल्यावर आधी खाली लोंबावी आणि मग वर जावी, म्हणजे काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी वायरीवरून आत शिरणार नाही. बॉक्स सिलिकॉनने चारी बाजूंनी बंद करू नका, तळाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी असेल तर आठवड्यातून एकदा काच ओली करून वायपर दहा मिनिटं डिलेवर चालवा. पार्कचा कॉन्टॅक्ट घासला जाऊन साफ राहतो.