ठाकूरनं गब्बरला मारलं होतं

‘शोले’ मी आधी ऐकला. पाहिला त्यानंतर सहा वर्षांनी.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. पिक्चर बघायचा तर कऱ्हाड नाहीतर सांगली गाठायची, आणि त्यासाठी घरात कुणाचं तरी लग्न ठरावं लागायचं. बस्त्याला गेलेली मंडळी परत येताना थेटरात शिरायची, तीही पोरांना घरी ठेवून. त्यामुळे नवा पिक्चर आमच्याकडे यायचा तो कुणाच्या तरी तोंडून. आमच्या वर्गात हे काम एकाकडे होतं. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. त्याचा मामा सांगलीला. सुट्टी संपली की रेडिओ दोन-तीन पिक्चर पोटात घेऊन परतायचा.

१९७७ च्या दिवाळीनंतर त्यानं ‘शोले’ आणला. गुऱ्हाळं नुकती सुरू झाली होती. रात्री चुलवाणाच्या उबेला आम्ही सात-आठजण, हातात उसाचं कांडं, आणि रेडिओ चिपाडाच्या ढिगावर उभा. गब्बर पट्टा फरफटत चालतो हे दाखवायला त्यानं बैलाचं दावं जमिनीवरून ओढलं होतं. तोंडानं घोडे, रेल्वे, बंदुका सगळं. गब्बर ठाकूरच्या हातांवर तलवार उगारतो, तिथं त्यानं इंटरवल केला आणि लघवीला निघून गेला. परत आल्यावर मूठभर शेंगदाणे आणि ऊन गुळाचा खडा मिळाल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

शेवट त्यानं असा सांगितला: ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो, तुडवतो आणि ठार मारतो. संपलं. काहिलीत पाक ढवळणारा गुळव्यासुद्धा थांबला होता. ‘बरं झालं,’ म्हणाला.

१९८३ साली, दहावीनंतर, मी कऱ्हाडला जाऊन तो प्रत्यक्ष पाहिला. पिक्चर थोरच, पण माझं निम्मं लक्ष रेडिओच्या चुका काढण्यात. त्यानं अहमदचं, म्हणजे सचिन पिळगावकरचं, मरण दहा मिनिटं रंगवलं होतं. पडद्यावर गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि लगेच घोड्यावरून प्रेत गावात येतं. आमचा सचिन असा एका मुंगीत गेला? आणि शेवटी तर कहर. बूट तेच, खिळे तेच, गब्बरचे हातही चिरडले जातात. आणि ऐन वेळी पोलिस येऊन ठाकूरला थांबवतात.

गावात आल्या आल्या मी रेडिओला चारचौघांत खोटारडा म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, ‘तुमच्या कऱ्हाडला रीळ कापल्यालं आलंया.’ हे वाक्य पुढं वीसेक वर्षं आम्ही त्याला ऐकवत होतो. त्याच्या लग्नातही ऐकवलं. आता विचार केला तर जरा जास्तच झालं.

कारण पुढं एकदा हापिसात एका सहकाऱ्यानं कॉम्प्युटरवर ‘शोले’चा मूळ शेवट दाखवला. ठाकूर गब्बरला मारतो. खरोखर मारतो. रमेश सिप्पींनी आधी तसाच शेवट चित्रित केला होता. पण १९७५, आणीबाणीचे दिवस. एका माजी पोलिस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून पोलिस आणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. म्हणजे रीळ कापलेलं होतंच, फक्त कऱ्हाडला नव्हे, सगळ्या देशाला.

त्याच संध्याकाळी फोन लावला. रेडिओचं आता खताचं दुकान आहे. मागं गिऱ्हाइकं बोलत होती.

‘लेका, तुला कसं ठाऊक होतं?’

‘काय?’

‘ठाकूरनं मारलेलं.’

‘मला कुठं ठाऊक? मी शोले बघितलाच न्हवता तवा. हाऊसफुल्ल हुता. मामानं भेळ खायला घातली आणि माघारी आणलं. स्टोरी मामाच्या पोरानं सांगितली. त्यो म्हणला पोलिस येत्यात. मला काय ते पटलं न्हाई. एवढं खिळं ठोकल्यालं बूट घालून माणूस येतोय, आणि पोलिस म्हणलं म्हणून थांबतोय? म्हणून म्या मारला.’

मग ‘युरिया संपलाय, सोमवारी या’ असं कुणाला तरी सांगून त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. रामगड रामनगरजवळ, कर्नाटकात, उभारला होता हे माहीत असूनही मला तिथल्या कातळावर चिपाडं दिसतात आणि गब्बर बोलायला लागला की उकळत्या रसाचा वास येतो.

२०२५ च्या डिसेंबरात मूळ शेवटासह ‘शोले’ थेटरात पुन्हा लागला. रेडिओला बळंच घेऊन गेलो. तीन तास तो पुढचं वाक्य आधी म्हणत होता. पुढच्या रांगेतल्या पोरीनं दोनदा वळून पाहिलं. शेवटाला मात्र एकदम गप्प. ठाकूरनं गब्बरला मारलं, दिवे लागले, आणि मी त्याच्याकडे पाहिलं.

‘बूट बारीक दाखवल्यात,’ तो म्हणाला. ‘माझं खिळं मोठं हुतं.’