जुंपून बघितलंय का?

जानेवारीतल्या एका शनिवारी माझी कुत्री साय नदीतून बाहेर आली, तेव्हा मी तिच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करून बघितले. वरचे केस चिंब भिजलेले. त्याखाली दाट, मऊ लव, आणि लवेच्या मुळाशी कातडी ठणठणीत कोरडी. मग काजळच्या पाठीवर तेच केलं, तर बोट थेट ओल्या कातडीला लागलं. काजळ उभ्या जागी थरथरत होती. मी अंगातलं जॅकेट काढून तिच्यावर टाकलं.

दोघी लॅब्रॅडॉरच. साय पिवळी, शोच्या, म्हणजे कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या घराण्यातली, वजन २९ किलो. काजळ काळी, बंदुकीबरोबर काम करणाऱ्या घराण्यातली, २३ किलो. सायचं डोकं रुंद, छाती भरलेली, शेपूट बुडाशी मनगटाएवढं जाड. काजळ उंच पायांची, अंगाने सडपातळ, तिचं शेपूट चाबकासारखं. फिरायला नेलं की लोक काजळकडे बोट दाखवून विचारतात, "ही कुठली जात?" मी दर वेळी सांगते, तीच.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, गेली अकरा वर्षं डर्बीशायरमध्ये राहते. इथे फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. त्या चार महिन्यांत शनिवारी मी जवळच्या एका इस्टेटवर कुत्र्या घेऊन जाते. बंदुका पुढे असतात, आम्ही बरेच मागे. पडलेला पक्षी शोधून आणायचा, आणि मुख्य म्हणजे जखमी होऊन काट्यात शिरलेला पक्षी लवकर सापडला पाहिजे, त्याचे हाल होता कामा नयेत. कुत्र्याचं खरं काम हे आहे. माझ्या घरच्यांना यातलं पक्षी मारणं आवडत नाही, ते मला समजतं. पण जखमी पक्षी रात्रभर झुडपात तडफडत राहणं मला त्याहून बघवत नाही.

हे कुत्रं आलं आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडून. गळातून सुटलेले मासे पकडायचे, पाण्यातून दोर ओढून आणायचे, ही त्याची कामं. लांब केस असते तर त्यात बर्फ गोठलं असतं, म्हणून आखूड आणि दाट केसांचं कुत्रं टिकलं. इंग्लंडला ते पूल नावाच्या बंदरातून उतरलं. माम्सबरीच्या तिसऱ्या अर्लने १८८७ साली बक्लूच्या ड्यूकला लिहिलेल्या पत्रात खऱ्या लॅब्रॅडॉरची ओळख सांगितली आहे: अंगावरून पाणी तेलासारखं निथळून जाईल असे दाट केस, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणमांजरासारखं शेपूट. पोहताना ते शेपूट सुकाणूचं काम करतं. ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली १९०३ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर सोळा वर्षांनी.

ब्रिटिश ब्रीड स्टँडर्ड, म्हणजे जातीचं कुत्रं कसं असावं याचं अधिकृत वर्णन, मी कितीतरी वेळा वाचलं आहे. नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, मादीची ५५ ते ५६. नाक तल्लख, तोंड मऊ (पक्षी न चिरडता आणणारं), पाण्याची ओढ. केस आखूड, दाट, आत पाणी-थंडी अडवणारी लव. शेपूट पाणमांजराचं. वजनाचा आकडा त्यात कुठेच नाही, पण कुत्रं अतिशय चपळ हवं आणि म्हणून वाजवीपेक्षा जास्त वजन किंवा भरणा चालणार नाही, असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. यातलं एकही वाक्य मला नुसतं शोभेचं वाटत नाही. प्रत्येक ओळीमागे एक काम आहे.

मग साय दीड वर्षाची असताना शोच्या रिंगमध्ये माझ्या कानावर जे पडलं, ते कुठून आलं? परीक्षकांनी तिच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, छान आहे, पण अजून भरायला हवी. रिंगबाहेर एका अनुभवी बाईंनी दोन किलो वाढवायचा सल्ला दिला. मी ऐकलं. खाणं वाढवलं, साय ३३ किलोंवर गेली आणि पुढच्या शोला तिला रिबन मिळाली. त्याच महिन्यात उडी मारून गाडीत चढताना ती दोनदा मागे घसरली. त्या रिबनचा मला आजही आनंद होत नाही. तिच्या सांध्यांवर तो भार मी माझ्या हाताने टाकला होता. उतरवायला सात महिने लागले.

लॅबला लठ्ठपणा चिकटतो त्यामागे रक्तातलं कारणही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो. अशा कुत्र्याला भूक जास्त लागते. पुढे हेही कळलं की बसल्या जागी त्याची ऊर्जाही कमी खर्च होते. आधीच ज्याचं पोट भरत नाही, त्याला रिंगसाठी आणखी भरवायचं?

हे सगळं चालू असताना तात्या, म्हणजे माझे वडील, तीन महिने इथे राहायला आले. आमच्याकडे खिल्लार बैल होते. खरसुंडीच्या जत्रेत तात्या बैल कसा बघायचे ते मी लहानपणी त्यांचं बोट धरून पाहिलं आहे. शिंगं, वशिंड, खूर सगळं बघायचे, पण त्यावर पैसे द्यायचे नाहीत. आधी चालवून बघायचे, तेही मागून. अंगणात त्यांनी सायला तसंच चालवलं. मग म्हणाले, "दिसायला भारी हाय पोरी. पर हिला जुंपून बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. त्या उन्हाळ्यात सायचं डमीवरचं (पक्ष्याऐवजी फेकलेली पिशवी शोधून आणायचं) शिक्षण सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी काजळ घरात आली.

काजळने मला काय शिकवलं ते सांगायला शब्द कमी पडतात. दीडशे मीटरवर शिट्टीची एक फुंक मारली की ती जागच्या जागी बसते आणि वळून माझ्या हाताकडे बघते. डावा हात दाखवला की डावीकडे. मागे जा म्हटलं की कुंपण ओलांडून मागे. असा मेंदू आपोआप येत नाही. पिढ्यान् पिढ्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धेत, वेग, नाक आणि ऐकण्याची तयारी बघून निवड झाली, तेव्हा तो घडला. तिथे कुत्र्याने कुईं केलं किंवा हुकमाशिवाय पळालं की स्पर्धा संपली. तोंड कडक असलं, पक्ष्याच्या फासळ्या मोडल्या, तरीही बाहेर.

पण ट्रायलचे परीक्षक केसांत बोटं घालून बघत नाहीत. शेपूट चाबकासारखं असलं तरी कोणाचं काही अडत नाही. तिकडे रिंगमध्ये केस, शेपूट, हाडं सगळं हाताने तपासलं जातं, पण नाक चालतं का ते कोण बघणार? घराण्याचा एकच वाडा दोघा भावांनी मधे भिंत घालून वाटून घ्यावा, तसं हे झालं आहे.

त्या जानेवारीतल्या शनिवारी हेच माझ्या समोर घडलं. पलीकडच्या काठावर पडलेला नर फेझंट काजळने हातवाऱ्यावर पाच मिनिटांत आणला, सायला तो कधीच सापडला नसता. दुपारी दुसरा पक्षी पाण्यातच पडला, काठाला बर्फाचा पापुद्रा होता. काजळ तोवर तीनदा भिजली होती, ती काठावर थबकली. साय थबकली नाही. जाड शेपूट पाण्यावर सपाट टाकून ती सरळ गेली, वळणावर ते सुकाणूसारखं फिरवलं, आणि पक्षी एकही पीस न मोडता माझ्या हातात दिला. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र तिचा दम संपला होता. काजळ, अंग पुसून कोरडं केल्यावर, अंधार पडेपर्यंत पळाली.

एकाच कुत्र्यात हे दोन्ही असायचं. बँकोरी बोलो हा लॅबमधला पहिला ड्युअल चॅम्पियन, रिंगमध्येही चॅम्पियन आणि मैदानावरही. नैथ बँजो हा ब्रिटनमधला शेवटचा, तोही विसाव्या शतकाच्या मध्यावर. त्यानंतर आजवर एकही नाही. इथे शोमधल्या गनडॉगला, म्हणजे शिकारीच्या कामाच्या जातीतल्या कुत्र्याला, कामाची पात्रता सिद्ध केल्याशिवाय पूर्ण 'चॅम्पियन' म्हणवून घेता येत नाही, तो 'शो चॅम्पियन'च राहतो. हा नियम चांगला आहे. माझ्या मनात आलं तर मी 'शो चॅम्पियन' ही पदवीच काढून टाकेन.

पुण्याहून, कोल्हापूरहून ओळखीचे लोक फोन करून विचारतात, कुठला लॅब घ्यावा? बहुतेकांना रुंद डोक्याचं, जवळजवळ पांढरं पिल्लू हवं असतं. मी आधी आई-बापाच्या नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे मागायला सांगते, मग ईआयसी या आनुवंशिक आजाराची जनुक चाचणी. ईआयसीमध्ये जोरात पळाल्यावर काही मिनिटांतच मागचे पाय लुळे पडतात, आणि उन्हाळ्यात ते आणखी धोक्याचं. फ्लॅटमध्ये राहून रोज अर्धा तास फिरवणार असाल तर काजळसारखी कुत्री घेऊ नका, हेही सांगते. तिला काम नसलं तर ती घरात काम शोधते. आणि कुठलाही लॅब असो, फासळ्या डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बोटांना लागल्या पाहिजेत.

काजळ ईआयसीची वाहक आहे, म्हणजे तिच्यात त्या दोषाची एकच प्रत आहे. तिला स्वतःला त्रास नाही, पण नर पूर्ण क्लिअर, म्हणजे तो दोष अजिबात नसलेलाच हवा होता. शिवाय मला नर शोच्या घराण्यातला, दाट लवेचा, जाड शेपटाचा आणि कामाचं प्रमाणपत्र असलेला पाहिजे होता. अशा नरासाठी चौदा महिने शोधलं. शेवटी डेव्हनमध्ये मिळाला, साडेतीन तास गाडी चालवून गेलो. मालकाने त्याला आधी तळ्यात सोडलं, मग मी केस बाजूला करून बघितलं. कातडी कोरडी होती.

परवा स्कॅन झालं. सहा पिल्लं दिसतात. तात्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, जुंपायला कधी घेणार?